बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट

"थांबा पंतोजी, हातचा सुटंल!" असं मला म्हणून मास्टरसाब उजवा पंजा वर करायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. मग खुलताबादहून औरंगाबादला जाणाऱ्या आमच्या एस.टी.त कुणी कितीही बोंबललं तरी ते हलायचे नाहीत. आम्ही एकाच शाळेत. ते गणित शिकवायचे, मी मराठी. नवख्याला वाटायचं, म्हातारा दुवा मागतोय. छे हो, भागाकार चाललेला असायचा!

त्यांनी एक अदद, म्हणजे आकडा, धरला होता. एक ते सात आकडे ओळीनं मांडा: १२,३४,५६७. हा कशानंच फुटत नाही, अशी त्यांची खात्री. पण गणिताच्या मास्तराला खात्री पुरत नाही, पडताळा लागतो. म्हणून दोन, तीन, पाच, सात असं करत एकेका मूळ संख्येनं ते त्याला भागून बघत, तेही तोंडी. एका फेरीला एकच भाजक.

"कागद घ्या की, संध्याकाळी उरकेल," मी म्हणायचो.

"लई घाई तुम्हाला. उरकून मग काय करू?"

खरा वैरी दौलताबादचा दरवाजा. त्या अरुंद कमानीतून गाडी घालताना कंडक्टर शिट्ट्या मारायचा, बाया पोरांना आत ओढायच्या आणि नेमका तिथंच मास्टरसाबांचा हातचा सुटायचा. "गया!" दुसऱ्या दिवशी तोच भाजक, पुन्हा पहिल्यापासून. मी म्हणायचो, "अहो, या किल्ल्यानं मोठमोठ्या फौजा अडवल्या, तुमचं काय घेऊन बसलात!"

एकदा मात्र मी बोलून गेलो, "फुटला तर फुटला. आकडाच तर आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "घर फुटलेलं बघितलंय मी. एक तरी चीज अख्खी राहू द्या."

अठ्ठेचाळीस साली निजामावरच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर त्यांचा धाकटा भाऊ कराचीला निघून गेला होता. तेव्हापासून त्यांनी त्याचा विषय काढला नव्हता, हे सगळ्या खुलताबादला ठाऊक. मला फार वाईट वाटलं.

मग एकशे सत्तावीसची पाळी आली. त्या सकाळी दरवाजा आला, शिट्ट्या झाल्या, गाडी पार झाली, तरी मास्टरसाबांचे डोळे मिटलेलेच. छावणीपाशी त्यांनी ते उघडले.

"फुटला."

"पुन्हा एकदा बघा."

"बघितला. एकशे सत्तावीस गुणिले नऊ हजार सातशे एकवीस. बाकी शून्य."

ते बराच वेळ बोटं चाळवत बसले. मग हळूच म्हणाले, "पंतोजी, एकशे सत्तावीसच्या आतल्या कुणाचाच भाग याला गेला नाय. म्हणजे हे नऊ हजारवालंबी आता फुटायचं नाय. तुकडे दोनच. अन् दोन्ही अख्खे."

मास्टरसाब जाऊनही आता खूप वर्षं झाली. स्टँड आला तरी ते उतरेनात, हे मात्र मला काल घडल्यासारखं आठवतं. "लई द्वाड होता हो," एवढंच म्हणून ते सुरू झाले. भाऊ कुणाच्या बागेत जांब चोरायचा, मार कसा दुसऱ्यावर ढकलायचा, झोपेत कसा हसायचा. गाडी रिकामी झाली, कंडक्टर खेकसून गेला, आणि आम्ही दोघं तसेच बसून.

शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना कधीच संपली होती. हेडमास्तरांनी उशिराचं कारण विचारलं. मी सबब शोधत होतो, तेवढ्यात मास्टरसाब म्हणाले,

"भाऊ भेटला होता."