पोलिसाची बायको

शुक्रवार हा माझा झोपेचा वार. आठवडाभर साइटवर इंग्रजी, हिंदी आणि तोडक्यामोडक्या अरबीची मिसळ बोलून जीभ थकलेली असते. पण गेलं वर्षभर माझ्या घरात शुक्रवारी सकाळी पोह्यांना फोडणी पडायच्या आत गोळीबार सुरू होतो. गोळीबार, मग गाडीची चाकं घासल्याचा आवाज, मग बँडवाल्यांचं भांडण लागल्यासारखं संगीत. आणि या सगळ्याच्या वर माझ्या वडिलांचा आवाज, "अरे मागनं जा, मूर्खा, मागनं! मागचं दार उघडंय!"

हे मार्गदर्शन एका अमेरिकन पोलिसाला असतं. तो सत्तरच्या दशकातला आहे, म्हणजे अण्णांचा सल्ला त्याच्यापर्यंत पोचायला जवळपास पन्नास वर्षांचा उशीर झालाय. पण अण्णांना हे सांगायचं कोणी? एकदा तर शेजारच्या इजिप्शियन बाई दार वाजवून विचारायला आल्या, सगळं ठीक आहे ना म्हणून. अण्णांनी त्यांना हात करून आत बसायलाच बोलावलं.

अण्णा म्हणजे माझे वडील. ऐंशी ओलांडलीय, गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत. कान गेलेत, पण यंत्र लावायचं नाही, कारण त्यात "सगळ्यांचं चावणं ऐकू येतं." आई गेल्यावर मी त्यांना गावाहून इथं दोह्याला, अल हिलालमधल्या आमच्या फ्लॅटवर घेऊन आले. त्यांना हा देश नवा नाही. मी प्राथमिक शाळेत होते तेव्हा ते दुखानला, एका तेल कंपनीच्या कॅम्पात ड्राफ्ट्समन होते. त्यामुळे विमानतळावरून घरी येताना मला वाटलं होतं, जुन्या आठवणी निघतील, डोळे भरून येतील. उंच उंच इमारतींकडे बघत ते म्हणाले, "बरंच बांधलंय." आणि घरात शिरल्यावर, अजून बूटही काढले नव्हते, पहिला प्रश्न काय? "तुमच्या टीव्हीवर जुन्या सिरियली लागतात का?"

आईचं तेरावं होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

तो राग मनात बसला तो बसलाच. आणि खरं सांगायचं तर तो राग काही त्या दिवसाचा नव्हता. तो लहानपणापासूनचा होता. त्याचं मूळ याच अमेरिकन पोलिसात आहे, म्हणून त्याची गाडी नुसती वळणावर दिसली तरी माझं टाळकं सटकतं.

त्या काळी गावात फोन नव्हता. पोस्टाने पत्र यायला दिवस लागायचे आणि अण्णांना लिहायचा कंटाळा. म्हणून पहिल्या सुट्टीला येताना त्यांनी एक टेपरेकॉर्डर आणून घरी ठेवला. पुढे सुट्टीवर येणाऱ्या कोणाबरोबर तरी ते आवाज भरलेली कॅसेट पाठवायचे. आम्ही ती ऐकायची, मग त्याच कॅसेटवर, त्यांच्याच आवाजावर, आमचा आवाज भरून ती परत जाणाऱ्याबरोबर धाडायची. नवी कॅसेट आणायची चैन आमच्याकडे नव्हती. त्यामुळे आज त्यातलं काहीही उरलेलं नाही.

कॅसेट आली की घरात जत्रा. टेप मधल्या खोलीत स्टुलावर. आजोबा खुर्चीत, आजी पाटावर, दोन्ही काका जमिनीवर, शेजारपाजारची चारदोन डोकी दारात. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी, हाताला पीठ. अण्णा आधी सगळ्यांना नमस्कार सांगायचे, वयाप्रमाणे, एकेकाला. मग हवा, जेवण, तब्येत. मग काकांना विहिरीबद्दल सूचना, मला पाढ्यांबद्दल. आईसाठी एक वाक्य असायचं. "तिला सांगा, प्रकृतीला जप." तिला सांगा! ती समोर उभी असायची आणि निरोप आजीमार्फत.

आणि हे सगळं दोन मिनिटांत उरकलं की अण्णांचा आवाज खुलायचा. "आता या वेळची गोष्ट सांगतो." कॅम्पाच्या हॉलमध्ये एक टीव्ही होता आणि त्यावर अमेरिकन मालिका लागायच्या, खाली अरबी अक्षरं. पाहणाऱ्यांत अर्ध्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि बहुतेकांना अरबी वाचता येत नव्हतं. अण्णांचं इंग्रजी बरं, म्हणून पुढच्या बाकावर बसून ते सगळ्यांना हिंदीत गोष्ट सांगायचे. नमाजाची वेळ झाली की कार्यक्रम मध्येच थांबायचा, मग पुन्हा सुरू झाला की मधलं काय गेलं ते लोक त्यांनाच विचारायचे. ते सांगायचे. न पाहिलेलं सांगायची ही सवय त्यांना तिथं लागली. तीच गोष्ट मग मराठीत आमच्या कॅसेटवर यायची, तासभर, सगळ्या पाठलागांसकट.

त्यात नायक हा पोलीस. समुद्रकाठच्या कुठल्याशा शहरात बदली झालेला, भाड्याच्या खोलीत राहणारा. बायको लांब गावी, सासूसासऱ्यांपाशी. चोर पकडून झाला की तो खोलीवर यायचा, पलंगावर बसून बूट काढायचा आणि मग त्याला बायकोची आठवण यायची. प्रत्येक गोष्टीचा शेवट हाच. आजी पदराने डोळे पुसायची. "बिचारा," म्हणायची, "अमेरिकेतसुद्धा माणसांचे हेच हाल."

मी मात्र धुमसायचे. तासभराची कॅसेट, त्यात बायकोसाठी एक वाक्य, तेही आजीमार्फत, आणि उरलेलं सगळं त्या लांबड्या गाडीवाल्या परक्या माणसाचं! आईला याचं काही वाटत नाही, याचा तर आणखी संताप यायचा. उत्तराची कॅसेट भरताना सगळे बोलून झाले की आजी म्हणायची, "तू पण बोल गं काही." आई टेपजवळ यायची, पदर सावरायची आणि काय बोलायची? "त्या पोलिसाला सांगा, घरी सगळं बरं आहे. त्याने वेळेवर जेवावं."

सगळं घर खो खो हसायचं. काका म्हणायचे, "वहिनी, अहो तो टीव्हीतला माणूस, त्याला कसला निरोप पाठवताय!" आई लाल व्हायची आणि आत निघून जायची. पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्या पोलिसाला सांगा, उन्हात टोपी घालावी. त्या पोलिसाला सांगा, यंदा गहू चांगला आला. शाळेत कोणाला कळलं तर काय, या भीतीने मी अर्धमेली व्हायचे. माझी आई चौथी शिकलेली, तिला टीव्ही म्हणजे काय ते कळत नाही, अशी मी माझ्यापुरती समजूत घालून घेतली. पण बापाला तर कळत होतं ना? मग त्याला तिच्यासाठी दोन शब्द जड का व्हावेत, हा प्रश्न काही सुटला नाही. अण्णा परत आले, नाशकात नोकरी धरली, निवृत्त होऊन गावी राहिले, आईबरोबर पुढची सगळी वर्षं गेली. तेव्हाही त्यांचं बोलणं भाजी, बिल आणि पाव्हणेरावळे एवढंच. आई गेली त्या दिवशीही ते ओसरीवर बसून राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला खुर्ची देत.

तर असा हा पोलीस. माझ्या लेकीने, म्हणजे त्यांच्या नातीने, तो इंटरनेटवर शोधून काढला आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप करून ठेवला. ती बारावीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. आजोबा मराठीत विचारतात, ती इंग्रजीत सांगते, दोघांचं मस्त जमतं. आणि अण्णा काय करतात, तर शेवट आला की "थांब, मागं घे" म्हणतात. पोलीस खोलीवर येतो, बूट काढतो, खिडकीबाहेर बघतो. संपलं. "पुन्हा लाव." पुन्हा बूट. "पुन्हा लाव." एका माणसाचे बूट किती वेळा काढायचे? पहिल्यांदा गंमत वाटली. मग मी स्वयंपाकघरातून ओरडायला लागले, "अण्णा, खलास! आता बातम्या लावा!" कान नसलेल्या माणसावर ओरडून फायदा काय, माझाच घसा बसतो.

मागच्या शुक्रवारी कडेलोट झाला. मी करक, म्हणजे इथला आटवलेला दुधाचा चहा, घेऊन बाहेर आले तर पडद्यावर तो पोलीस एका सोनेरी केसांच्या बाईला मिठीत घेऊन उभा. चांगला निवांत. इथल्या टीव्हीवर त्या काळी असलं काही दाखवत नसत, कात्री लावत. त्यामुळे अण्णांनी हे कधी पाहिलंच नव्हतं. ते सोफ्यावर ताठ झाले होते.

"आमच्या वेळी हा असा नव्हता," ते म्हणाले.

"असाच होता, अण्णा. तुम्हाला दाखवत नव्हते एवढंच," मी म्हटलं आणि मग माझाही तोल सुटला. इतक्या वर्षांचा साठा होता. "आणि लाज कशी नाही वाटत याला? बायको तिकडे गावी सासूसासऱ्यांचं करतेय, आणि हा इथं हे धंदे करतोय! निदान तिला एक फोन तरी कर म्हणावं!"

लेकीने मोबाइलमधून मान वर केली. "ममा, व्हॉट वाइफ? ही इज नॉट इव्हन मॅरीड."

"आहे लग्न झालेलं. तुला माहीत नाही. गावी असते ती."

"ममा, मी ऑलमोस्ट सगळे एपिसोड्स पाहिलेत विथ आजोबा. देअर इज नो वाइफ."

मी अण्णांकडे वळले. कधी नव्हे ते त्यांना लेकीचं इंग्रजी एका झटक्यात ऐकू आलं होतं. ते चहाच्या कपाकडे बघत होते.

"अण्णा, त्याची बायको कुठं आहे?"

"त्याला नव्हतीच बायको," अण्णा म्हणाले.

"मग तुम्ही कॅसेटवर सांगायचात ती?"

ते वैतागले. आमच्या घराण्याचा वैताग आहे तो, मला चांगला ओळखू येतो. "मग काय करायचं होतं? मधल्या खोलीत सगळं गाव जमवून बसायचात तुम्ही. म्हातारा खुर्चीत, म्हातारी पाटावर. वडिलांच्या देखत बायकोला काय बोलणार होतो मी? तशी रीत होती का आपल्यात?" आणि मग आवाज उतरला. "त्या पोलिसाला बोलता येत होतं. त्याला कोण विचारणार?"

"आईला माहीत होतं?"

"तुझ्या आईला?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू घरात मंदबुद्धी मीच होते. "पहिल्या कॅसेटपासून."

लेक म्हणाली, "सो स्वीट, आजोबा!" अण्णांनी ते ऐकलं नाही किंवा ऐकून सोडून दिलं. "मागं घे," ते तिला म्हणाले. "बुटांपासून लाव."

मी कप ठेवून तिथंच बसले. मला भयंकर राग आला होता आणि तो नेमका कोणावर काढायचा ते समजत नव्हतं. दोघांनी मिळून माझ्या डोळ्यांदेखत संसार केला होता आणि मला पत्ता लागू दिला नव्हता. मग एकेक कॅसेट आठवायला लागली. एका पावसाळ्यात आईच्या हातावर स्टोव्ह भडकला होता. धाकट्या काकांनी उत्तराच्या कॅसेटवर विहिरीच्या हिशेबात मध्येच सांगून टाकलं, वहिनींचा हात भाजला, काळजी नसावी. पुढची कॅसेट आली तेव्हा अण्णांनी आजीआजोबांना नमस्कार सांगितला, पाढे विचारले, आणि हाताबद्दल अक्षर नाही. मी तेव्हा ठरवूनच टाकलं होतं की हा माणूस दगड आहे. मग पोलिसाची गोष्ट लागली. त्याच्या बायकोचा गावी हात भाजला होता, चुलीवर. रजा मिळत नव्हती. तो सारखा खोलीत फेऱ्या मारत होता, मलम कोण लावत असेल, रात्री ठणकत असेल का, म्हणून. त्या दिवशी त्याच्या हातून चोरसुद्धा निसटला. आजोबा नाराज झाले होते, गोष्टीत दम नव्हता म्हणाले.

उत्तर भरायची वेळ आली तेव्हा आई पुढे झाली. हाताला तेव्हा फडकं बांधलेलं होतं. काका आधीच हसायला लागले होते.

"त्या पोलिसाला सांगा," आई म्हणाली, "हात बरा आहे तिचा. खूण राहील, पण दुखत नाही आता."

ती खूण उजव्या मनगटाच्या वर होती. शेवटच्या आजारपणात मी तिला अंघोळ घालायचे, तेव्हा रोज माझा हात त्यावरून जायचा.