बायकोचा कागद

“बघा, आजोबांना वाटतंय ते ठणठणीत आहेत!” सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई शिकाऊ पोरांना म्हणाल्या. पोरं हसली. एक म्हणाला, “अडाणी माणूस मॅडम, यांना काय कळणार?”

मी समोरच बसलेलो. चौथी शिकलोय, बहिरा नाही.

पलूसजवळ मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार बसला, त्याला सहा महिने झाले होते. बाई कागदावरचं वाचून विचारत होत्या. सांगितलेलं ध्यानात राहतं का? राग आवरतो का? सगळ्याला मी म्हणालो, “झकास.” आता तेच प्रश्न माझ्या बायकोला, दुसऱ्या कागदावर. दोघांच्या उत्तरांत जेवढा फरक, तेवढं माणसाला स्वतःचं कळेनासं झालंय. असं त्यांचं माप.

मी तिच्याकडं नुसतं बघितलं. चाळीस वर्षं तेवढं पुरलंय. ती खाली मान घालून म्हणाली, “ह्यांनी सांगितलं तेच माझं लिवा.”

फरक काहीच नाही. “आता हसा की!” म्हणालो आणि छाती फुगवून घरी आलो.

पुढच्या महिन्यात तिचा हात मोडला. सून म्हणाली, “आवं मामा, तुमीच आत्याबाईंस्नी पायरीवरनं ढकललं. चहा गार झाला म्हणून. म्या बघितलं.”

मला काहीच आठवेना. सुनेला खोटारडी म्हणालो. मग बायकोला विचारलं. हात प्लास्टरात, गळ्यात अडकवलेला.

“न्हाई वं. पाय घसरला माझा.”

माझं तोंड बघून बोलली. मला काय ऐकायचंय ते बघून. दवाखान्यात बोलली होती, तसंच. तवा कळलं. पोरं हसली म्हणून मी पेटलो, आणि हिचं तोंड मीच शिवून ठेवलेलं. डोक्याला मार बसायच्या लय आधीपासनं.

पुन्हा सांगलीला गेलो.

“बाई, हिला एकटीला इचारा. मी भाईर बसतो. आन् ह्या पोरांनी दात काढायचे न्हाईत. मलाबी न्हाई, हिलाबी न्हाई.”

कुणी हसलं नाही. आत लय वेळ लागला. मग बाईंनी मला सांगितलं, फरक फार मोठा आहे.

मला पटलं नाही. आजही पटत नाही. डोकं सांगतंय, तू ढकललं नाहीस. त्या डोक्याचं मी आता ऐकत नाही.

डेअरीवर दूध घालताना कुणी ना कुणी विचारतंच, “काय गड्या, वहिनींच्या हाताला काय झालं?” पाय घसरला म्हणणं सोपं. मी म्हणत नाही.

“मी ढकलली,” सांगतो. “मला आठवत न्हाई. तरी मीच.”