कानाची चुंबळ

सगळी माणसं कानांनी ऐकतात. माझे साडू मात्र आयुष्यभर कानांचीच बाजू ऐकत आले. त्यांचं म्हणणं असं की, निसर्गानं कान घडवला तेव्हा त्याला हेडफोनची कल्पना नव्हती आणि कंपन्यांनी हेडफोन घडवले तेव्हा त्यांना कानाची कल्पना नव्हती. या दोघांचं जुळवून देण्याची जबाबदारी गोंदियाजवळच्या फुलचूरला राहणाऱ्या, पाटबंधारे खात्यातल्या एका कारकुनावर येऊन पडली होती, आणि ती त्यांनी नोकरीपेक्षा कितीतरी जास्त इमानानं पार पाडली.

मोबाइलमध्ये गाणी शिरायला लागली, तो हा काळ. गोंदियाच्या बाजारातल्या प्रत्येक दुकानदाराला साडू ओळखत, आणि प्रत्येक दुकानदार त्यांना बघून एखादं खोकं तरी आत सरकवत असे. साडू हेडफोन डोक्यावर चढवायचे, स्टूल ओढून घ्यायचे आणि पेपर वाचत बसायचे. तासाभरानं दुकानदार अदबीनं म्हणायचा, "साहब, गाना तो लगाया ही नहीं." साडू पेपरातून मान वर न काढता सांगायचे, "गाना बाद में. अभी दुखता है क्या, वो देख रहा हूँ." ज्याचा आवाज गोड तो कान चावतो आणि जो कानाला मऊ तो आवाज गिळून टाकतो, हे त्यांच्या अनुभवाचं सार होतं. महागाचा घ्या, दोन्ही मिळेल, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "महागाचा घेऊन सुखी व्हायले अक्कल कायले लागते, भाऊ?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे फार कणवेनं पाहिलं.

मग घरीच प्रयोग सुरू झाले. स्वस्तातले हेडफोन सैल बसतात, म्हणून ते जागेवर राहावेत यासाठी साडू वरून माकडटोपी घालत, आणि तीही मे महिन्यात, गोंदियाचं डांबर चपलेला चिकटून येतं तेव्हा. शेजाऱ्यानं एकदा काळजीनं विचारलं, "काऊन जी, हिव भरून राहिलं का?" साडू म्हणाले, "नाही, बेस भरून राहिला." कानाच्या गाद्यांसाठी त्यांनी बैठकीतल्या सोफ्याच्या पाठीतून फोमच्या गोल चकत्या कापल्या. त्या सोफ्यावर पहिल्यांदा टेकलेला पाहुणा दचकून सरळ होई, आणि मेव्हणीबाई शांतपणे चहाचा कप पुढे करत म्हणत, "सोफ्याले भोकं पडली अन् यायच्या कानाले गाद्या झाल्या. सांभाळून बसा."

हे सगळं आम्हा नातेवाइकांच्या करमणुकीचंच राहिलं असतं. पण आमच्या सासऱ्यांचे कान गेले.

सासरे निवृत्त गुरुजी. बोदलकसा तलावाजवळच्या एका गावात सासूबाईंसोबत राहायचे. कानाचं यंत्र त्यांना आणून दिलं होतं, पण कानात खडा घालून बसल्यासारखं वाटतं म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं आणि डबी कपाटात. मग त्यांचं बोलणंही आटत गेलं. गावच्या बुद्धविहारात मात्र ते पहिल्या रांगेत बसत. शेजाऱ्याचे ओठ बघून वंदना म्हणत, त्यामुळे सगळ्यांच्या एक ओळ मागे असत. वंदना संपायची, सभागृह गप्प व्हायचं, आणि गुरुजींचा एकट्याचा आवाज शेवटची ओळ म्हणत राहायचा. लहान मुलं हसायची. एका पौर्णिमेला साडूंनी ते पाहिलं.

दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी रजा टाकली. ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून साबणाच्या डबीत माइक आणि बॅटरी बसवून घेतली, तिला आपला सगळ्यात लाडका हेडफोन जोडला आणि मलाही सोबत घेऊन गाव गाठलं. सोफ्याच्या गाद्या लावून पाहिल्या. सासरे म्हणाले, "दुखत नाही, पण तुमी रजईतून बोलून राहिले." गाद्या काढल्या. "आता आयकू येते, पण कान तुटून राहिला." दुपारपर्यंत असंच चाललं. साडू घामानं भिजले. सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत हे बघत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आमी डोक्यावर पाण्याचा गुंड ठेवतो तं चुंबळ करतो. मधात खाली जागा राहते, भार बाजूनं पडते. कानाची चुंबळ करा नं."

साडू उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. मग त्या दोघांनी मिळून जुन्या लुगड्याची पट्टी घेतली, आत सावरीचा कापूस भरला आणि दोन चिमुकल्या चुंबळी शिवल्या. कान मधल्या पोकळीत, भार कडेला. हेडफोन चढला, डबीचा खटका दाबला गेला. सासूबाई नेहमीसारख्या काहीबाही बोलत पुन्हा सूप घेऊन बसल्या. मग सासऱ्यांनी विचारलं, "कोण म्हातारं खोड म्हणून राहिलं मले?"

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. गेली चार-पाच वर्षं त्या नवऱ्याविषयीची आपली सगळी मतं त्याच्यासमोरच, खणखणीत आवाजात मांडत आल्या होत्या. त्या दिवसापासून त्या घरात कुजबूज सुरू झाली. सासरे डबी गळ्यात अडकवून आठवडी बाजारात जात, आणि माणसं वाकून त्यांच्या छातीशी बोलत. विहारात आता ते सगळ्यांच्या बरोबरीनं वंदना म्हणू लागले, किंचित पुढेच. कुजबुजायचा कंटाळा आल्यावर सासूबाई पुन्हा मोठ्यानं बोलू लागल्या, आणि सासरे त्यांना शब्दाला शब्द देऊ लागले. दोघं सकाळी चहापासून भांडत, आणि दोघांची तब्येत सुधारली.

तीन वर्षांनी सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही दोघं साडू गावी गेलो तेव्हा हेडफोन खुंटीला होता. साडूंनी तो उतरवून चुंबळी दाबून पाहिल्या आणि सासऱ्यांच्या कानाशी वाकून ओरडून विचारलं, "मामाजी, टोचून राहिलं का?"

"नाही जी. काहीच दुखत नाही."

"मंग आवाज खराब आहे?"

"आवाज साफ आहे." सासरे अंगणाकडे बघत म्हणाले, "पण आता घरात बोलून कोण राहिलं?"

साडूंनी तो हेडफोन स्वतःच सासऱ्यांच्या डोक्यावर चढवला, साबणाची डबी आपल्या तोंडाजवळ धरली आणि बोलायला लागले. ऑफिसातलं, बसमधलं, धानाचं, मेव्हणीबाईंच्या गुडघ्याचं. हेडफोन सोडून दुसऱ्या कशावर हा माणूस सलग बोलताना मी तरी कधी ऐकला नव्हता. बोलता बोलता त्यांचा आवाज इतका बारीक झाला की दोन हातांवर बसलेल्या मला काही कळेना. सासरे मात्र डोळे मिटून मान हलवत होते, आणि मध्येच एकदा म्हणाले, "हं, मंग?"