झाकणमावशी

आमच्या कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपावर चार नंबरच्या मशीनपाशी ज्या बाई उभ्या असत, त्यांना सगळे झाकणमावशी म्हणतात. गाडी थांबली की किती भरायचं हे विचारण्याआधी त्या टाकीचं झाकण उघडतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि झाकणाच्या आतला बारीक मजकूर वाचतात. मागे रांग लागली तरी वाचतात.

आमची ओळख भांडणातून झाली. माझ्या पंधरा वर्षांच्या गाडीला मी महिन्यातून एकदा पंचाण्णव ऑक्टेन आकड्याचं महागडं पेट्रोल पाजत असे. बिचारी महिनाभर राबते, तर एक दिवस तिचे लाड! मावशी म्हणाल्या, "हिला एक्याण्णव पुरतं. इथे लिहिलंय."

मी मुळात तापट. "मावशी, गाडी माझी आहे!"

"गाडी तुमची हो, पण पोट तिचं. आकडा मोठा म्हणजे ताकद जास्त, असं नसतं. काही इंजिनांत दाब जास्त असतो, तिथे साधं पेट्रोल वेळेआधीच भडकतं. त्यांना मोठा आकडा लागतो. तुमच्या गाडीला त्याचं काय? गाढवाला गुळाची चव काय!"

गाडीला गाढव म्हटल्याचा राग घरी पोचेपर्यंत टिकला. मग कपाटातून गाडीची पुस्तिका काढली. एक्याण्णव! बायको आठवडाभर हसत होती.

मावशींचा नवरा गॅरेजवाला होता. जेवता जेवता रस्त्यावरच्या गाडीचा आवाज ऐकून तो तिचं दुखणं सांगायचा, आणि मावशी त्याच्याशी पैज लावायच्या. तो गेला आणि मावशी पंपावर लागल्या, त्याला बावीस वर्षं झाली. पैजा त्या अजूनही लावतात, स्वतःशीच. जिंकल्या की गालात हसतात. मला त्यांचा लळा लागला, खोटं कशाला बोलू?

मग पंपावर नवा मॅनेजर आला. बाकी मशीनवर महागडं पेट्रोल खपतं, चार नंबरवरच का नाही, हे त्याला दोन दिवसांत कळलं. "आणखी एकाला जरी साधं घ्या म्हणालात, तरी हवा भरायच्या कोपऱ्यात पाठवीन," त्याने बजावलं. तिथे दिवसभर चाकांपाशी उकिडवं बसायचं, आणि मावशींचे गुडघे तर केव्हाच कामातून गेलेले. म्हणजे नोकरी गेल्यातच जमा.

"थोडे दिवस गप्प बसा ना," मी विनवलं.

"झाकण बघायचं आणि तोंड मिटायचं? नाही जमायचं."

शनिवारी माझ्यापुढे एक नवीकोरी गाडी उभी राहिली. आत खुद्द मॅनेजर. "टाकी फुल करा. साधं."

जगाला महागडं विकणारा हा माणूस! माझं डोकंच फिरलं. मावशींनी मात्र शांतपणे झाकण उघडलं, चष्मा खाली आणला.

"साहेब, चढावर टकटक आवाज येतो का हो?"

तो चमकला. "तुम्हाला कसं कळलं? दोनदा गॅरेजला दाखवली, काही सापडत नाही."

"सापडेल कसं? झाकण कोणी वाचलंच नाही. हिला पंचाण्णव लागतं, साधं वेळेआधी भडकतं आणि टकटक होते. सगळ्यांना पाजता, आणि जिला खरंच हवं ती घरचीच उपाशी."

मॅनेजर उतरला, वाकून त्याने वाचलं. कानापर्यंत लाल झाला. "भरा पंचाण्णव," एवढंच म्हणाला आणि निघून गेला. मावशी गालात हसत होत्या. मला मात्र धाकधूक. एवढ्या लोकांदेखत साहेबाचं नाक कापलं होतं.

सोमवारी चार नंबरला दुसरीच मुलगी. हवेच्या कोपऱ्यात पाहिलं, तिथेही मावशी नाहीत. मागून हॉर्न वाजले तरी मी शोधतच होतो. तेवढ्यात कोणीतरी काचेवर टकटक केली.

मावशी! पंपाच्या तोंडाशीच त्यांना उंच खुर्ची मिळाली होती, पाठीला उशीसकट. आता प्रत्येक गाडी आधी त्यांच्यापुढे थांबणार, त्या झाकण बघणार आणि सांगतील त्याच मशीनवर ती जाणार. साहेबांच्या गाडीची टकटक थांबली होती, आणि हा त्यांचाच हुकूम होता.

मला इतका आनंद झाला की मी घाईघाईने उतरून झाकण उघडायला धावलो.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. "तुमच्या गाढवाचं मला पाठ आहे. व्हा पुढे!"