वाट बघणारी बॅटरी

बॅटरीच्या दुकानात भंगार साठतं असं लोकांना वाटतं. भंगाराचं काय, भंगारवाला अधूनमधून येतो आणि जुन्या बॅटऱ्या पोत्यात भरून घेऊन जातो. किस्से मात्र कोणीच नेत नाही. ते आमच्याकडेच पडून राहतात. पावसात गिऱ्हाईक नसलं की मी आणि आमचे हे एकेक काढून बसतो आणि शंभरदा ऐकलेल्या गोष्टीला पुन्हा हसतो. कधी हसता हसता गप्पही होतो.

रत्नागिरीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं लहानसं दुकान आहे. ह्यांना सगळे अण्णा म्हणतात. पूर्वी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या आणि मिक्सरची दुरुस्ती एवढंच काम होतं. आता लहान मुलांच्या बसायच्या गाड्या येतात. जीप, पोलीस व्हॅन, गुलाबी स्कूटर! त्यांतली जुनी साधी बॅटरी काढून हे लिथियमची बसवून देतात. सोल्डरिंग ह्यांचं. गिऱ्हाईकाशी बोलणं आणि "जुना चार्जर हिला अजिबात लावायचा नाही हां!" असं बजावणं माझ्याकडे.

आमच्या भागात ही गाडी घेतात आजी-आजोबा. नातवंडं मुंबईला. ती येणार मे महिन्यात, नाहीतर गणपतीत. बाकी वर्षभर गाडी पडवीत चादर पांघरून उभी! साधी बॅटरी अशी महिनोन्‌महिने पडून राहिली की मरते. मग एप्रिल उजाडला की आमच्या दारात गर्दी, आणि सगळ्यांचं एकच वाक्य : "अण्णा, पोरं यायच्या आत करून द्या."

हा धंदा सुरू झाला तो आमच्याच घरातून. मुलगा मंगेश मस्कतला नोकरीला, सून आणि नातू तिकडेच. सोहम चार वर्षांचा झाला तेव्हा ह्यांनी त्याच्यासाठी लाल जीप आणली. त्या मे महिन्यात मंगेशला रजाच मिळाली नाही. बॅटरी मेली. पुढच्या वर्षी नवी घातली. तर सुनेला दिवस गेलेले, डॉक्टर म्हणाले प्रवास नको. तीही बॅटरी मेली.

तेव्हा हे म्हणाले, "आता अशी घालतो, जी माझ्याएवढी वाट बघू शकेल."

कुठून कुठून माहिती काढली, लिथियमचे सेल मागवले, जोडले. ती बॅटरी अजून ठणठणीत आहे. अडचण वेगळीच निघाली. बॅटरी टिकली, पण सोहम वाढत राहिला!

मग व्हिडिओ कॉलवर ह्यांचं सुरू झालं, "सोहम, उभा राहा बघू. फोन खाली धर. गुडघा दाखव." त्या पोराला वाटायचं, आजोबांना गुडघे फार आवडतात. गुडघा बघून हे जीपला नवी भोकं पाडायचे आणि सीट थोडी मागे घ्यायचे. यंदा मार्चमध्ये सीट मागच्या डिकीला टेकली.

"आता?" मी विचारलं.

"आता तो यायला हवा," हे म्हणाले.

* * *

आतल्या गावातली एक आजी एकटीच एसटीने मोठी निळी गाडी घेऊन आमच्याकडे आली होती. तिने सांगितलेला हा किस्सा. कंडक्टर म्हणाला, "आजी, हा लगेज कोणाचा?"

"लगेज काय म्हनतोस? गाडी हाय ती."

"गाडीत गाडी? मग हिचं हाफ तिकीट काढू की फुल?"

अख्खी एसटी हसली. आजी मात्र शांत. "बसनारा अजून मुंबयत हाय, बाबा. तो बसला का काढ."

आमचा थांबा आल्यावर कंडक्टरने स्वतः गाडी उचलून खाली ठेवली आणि आजीला विचारलं, "कधी येतोय?"

आजी म्हणाली, "तुज्या एसटीनंच येल. बघून ठेव."

* * *

एक बागायतदार आले. मुलाची जुनी जीप घेऊन. म्हणाले, "जरा दमदार बॅटरी घाला. वजन ओढायला हवी."

"मुलगा केवढा आहे?" मी विचारलं.

"बारावी झाली. कोल्हापूरला हॉस्टेलवर आहे."

"मग वजन कोणाचं?"

ते इकडे तिकडे बघून हळूच म्हणाले, "नारळांचं! बागेतून घरापर्यंत आणतो. दोरी बांधायची, रिमोट दाबायचा. पण वहिनी, त्याचा फोन आला तर सांगू नका हां. त्याला वाटतं, त्याची आठवण म्हणून ठेवलीय."

बॅटरी बसवून झाली. मी जीप पुसायला घेतली तर मागच्या बाजूला लहानपणी चिकटवलेली स्टिकरं होती, उन्हाने फिकी झालेली. ओला फडका लावणार, तेवढ्यात ते केवढ्याने तरी ओरडले, "अहो, ते नको! तेवढं राहू दे!"

* * *

पोफळीहून एक निवृत्त साहेब पोलीस व्हॅन घेऊन आले. वीज प्रकल्पाच्या कॉलनीत त्यांची सगळी नोकरी झालेली. हल्ली लोक आपल्या व्हॅनचा आवाज कमी करून मागतात. साहेब म्हणाले, "सायरन होईल तेवढा मोठा करा."

आमच्या ह्यांनी बिचकत विचारलं, "कॉलनीत लोक तक्रार नाही करणार?"

"तक्रार करायला राहिलंय कोण हो? करू दे कोणीतरी! त्या निमित्ताने दार तरी वाजवतील."

* * *

गुहागरकडचा एक तरुण बोटीवर नोकरीला होता. सुट्टी संपायच्या आधी मुलीची गुलाबी गाडी घेऊन आला. बॅटरी तर बदललीच, शिवाय म्हणाला, "अण्णा, हिच्या हॉर्नमध्ये माझा आवाज घालता येईल?" ह्यांनी घातला. हॉर्न दाबला की गाडीतून त्याचा आवाज, "मनू, बाबा आला गो!" मनू टाळ्या पिटत राहिली. तो बोटीवर गेला.

पुढे काही महिन्यांनी त्याची बायको गाडी घेऊन दुकानात हजर.

"बिघडला का हॉर्न?" ह्यांनी विचारलं.

"नाही, वाजतोय. फार वाजतोय."

मी म्हटलं, "मनूला त्रास होतो का गो? रडते का ती?"

"मनू कुठली रडते! ती हसते, काकू. आवाज आला की मीच भाकरी तव्यावर टाकून दारात जाते."

ह्यांनी मान खाली घालून स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि हॉर्न काढायला घेतला. तिने पटकन ह्यांच्या हातावर हात ठेवला. "काढू नका हो, अण्णा. नुसता बारीक करा."

* * *

दाभोळच्या काकांचा किस्सा ह्यांना सगळ्यात आवडतो. काका उभी हयात बोटीच्या इंजिनरूममध्ये काढून घरी परतलेले. बायको गेलेली, मुलगा मुंबईला. नातवासाठी घेतलेली जीप घरात. पहिल्यांदा आले तेव्हा तिच्यात साधीच बॅटरी होती. हे म्हणाले, "काका, रोज थोडी चालवा, चार्ज करा. नुसती ठेवलीत तर बसेल."

काकांनी ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी रिकामी जीप पुढे आणि रिमोट घेऊन काका मागे! खाडीपर्यंत जायचं आणि परत यायचं. लोक विचारायचे, "काय काका, कुठे?"

"हिला फिरवून आणतो."

मासे घेऊन बसलेल्या बायका जीपला बाजूला होऊन वाट द्यायच्या. एक-दोन कुत्री सोबतीला असायची. पुढे पुढे तर काका दिसले नाहीत की लोक म्हणायचे, "आज जीप आली नाही?"

मुलाला हे कळलं तेव्हा त्याला वाईट वाटलं. ह्या वयात बाबांना रोज कसली दगदग! त्याने आम्हाला फोन करून लिथियमची बॅटरी बसवायला सांगितली. बसवून देताना हे मोठ्या आनंदाने म्हणाले, "काका, सुटलात! आता महिनोन्‌महिने हात लावला नाही तरी चालेल."

थोड्याच दिवसांत काका पिशवीत ती बॅटरी घेऊन परत आले. दाढी वाढलेली.

"काय झालं? चालत नाही?"

"चालते. पण अण्णा, हिला काहीच लागत नाही हो!" काका स्टुलावर बसले. "जुनीच द्या परत."

ह्यांनी पिशवी काकांकडे सरकवली. मग म्हणाले, "काका, माझंच सांगायचं राहिलं. बॅटरी नवी असली तरी गाडी रोज फिरवायलाच लागते. एका जागी उभी राहिली की टायर चपटे होतात."

मी चकितच झाले. त्या जीपचे टायर प्लॅस्टिकचे! आणि समोर आयुष्यभर इंजिनं बघितलेला माणूस!

काकांनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पिशवी उचलली आणि म्हणाले, "तेच म्हटलं!"

* * *

आमच्या लाल जीपला किती जणांनी मागणी घातली असेल! हे सगळ्यांना सांगायचे, "विकायची नाही. हिचा मालक यायचाय."

यंदा एप्रिलच्या शेवटी मंगेशचा फोन आला. "आई, ह्या वर्षीही कठीण दिसतंय." मी फोन ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी ऐकून घेतलं, "बरं, तब्येत सांभाळा" म्हणाले आणि फोन ठेवून दिला. त्या दिवशी ह्यांनी गुडघाही बघितला नाही.

मेच्या सुरुवातीला पालीच्या पुढच्या वाडीतल्या सुलभाताई धावत आल्या. नातू बाबू मुंबईहून आलेला, चार वर्षांचा, आणि त्यांच्या गाडीचा गिअरच तुटलेला. पार्ट यायला आठवडा तरी लागणार होता.

"आठवड्याने तो परत जाणार हो, अण्णा! वर्षभर मी त्याला फोनवर गाडी दाखवत आलेय. आता काय सांगू?"

हे उठले. कोपऱ्यात गेले. लाल जीपवरची चादर काढली, घडी केली आणि सीटची खिटी काढून सीट पार पुढे आणली, पहिल्या भोकापर्यंत.

"घेऊन जा."

सुलभाताईंना खरं वाटेना. मलाही वाटलं नाही. जीप टेम्पोत घालून त्या गेल्यावर मी विचारलं, "अहो, हे काय केलंत?"

"कोणाचा तरी मे महिना होऊ दे," हे म्हणाले आणि पंखा लावून बसले.

दोनच दिवसांनी सकाळी घराशी रिक्षा थांबली. मी हात पुसत बाहेर आले तर मंगेश! मागे सून, कडेवर धाकटी. रजा ऐनवेळी मंजूर झालेली आणि न सांगता येऊन आम्हाला चकित करायचा त्यांचा बेत! आणि सगळ्यात शेवटी रिक्षातून उतरला तो सोहम. फोनमध्ये मूल केवढं झालं ते कळतच नाही हो! मी वाकायला गेले, तर तेवढं वाकावंच लागलं नाही.

त्याने ह्यांच्या गळ्याला मिठी मारली आणि पहिलाच प्रश्न, "आजोबा, माझी जीप?"

ह्यांचा चेहरा मला बघवला नाही. मंगेश म्हणत होता, "बाबा, राहू दे, नंतर बघू." पण हे ऐकेनात. चहासुद्धा न घेता त्याच रिक्षात बसले, सोहमला घेतलं. मीही चढले. वाटेत हे सारखे म्हणत होते, "सांगू त्यांना. मालक आला म्हणून सांगू. समजून घेतील." सोहम मधे बसून वाऱ्यावर गाणं म्हणत होता.

सुलभाताईंच्या खळ्यात बाबू जीप घेऊन गोल गोल फिरत होता. तोंडाने हॉर्न वाजवत होता, कारण जीपचा हॉर्न त्याला पुरत नव्हता! सुलभाताई आम्हाला बघून पदर सावरत आल्या. "या या! अण्णा, काय सांगू तुम्हाला, पोरगं जेवायलासुद्धा खाली उतरत नाही. ताट तिथे नेऊन देते."

हे तोंड उघडून उभे राहिले.

सोहम पुढे गेला. बाबूने त्याच्यासमोर आणून जीप थांबवली. सोहम वाकला, आत बघितलं. स्टिअरिंगखाली हात घालून जागा बघितली. मग स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं. पुन्हा एकदा जीपमध्ये बघितलं.

बाबूने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "तुझी आहे ही?"

सोहमने वळून आजोबांकडे पाहिलं. हे तसेच उभे होते. मग तो सरळ उभा राहिला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"नाही," तो म्हणाला, "आम्ही दुकानातून आलोय. बॅटरी चेक करायला."