दाराजवळचा पाट

तर्काचे प्रश्न मी पाट मांडून सोडवायचो, हे ऐकून माझी मुलं अजून हसतात. हसू देत. त्या वर्षी पुण्याच्या एका लॉ कॉलेजानं प्रवेशासाठी लेखी परीक्षा ठेवली होती आणि नापास झालो तर वडील मला गिरणीत हजेरी लिहायला बसवणार होते. तसं त्यांनी गिरणीत सांगूनही ठेवलं होतं.

शिकवायला होते कोर्टातून निवृत्त झालेले, आमच्याच गल्लीतले शिरस्तेदार. ते प्रश्न लिहून द्यायचे: दारापासून एका रांगेत सहा पाट, त्यांवर पाच माणसं जेवायला बसलीत, एक पाट रिकामा, वकील डॉक्टरच्या शेजारी नाही, मास्तर टोकाला नाही, वगैरे. माझं डोकं असं रिकाम्या हवेत चालत नाही. म्हणून दुपारी सगळे आडवे झाले की मी स्वयंपाकघरात सहा पाट मांडायचो. डॉक्टर म्हणजे तांब्या, मास्तर म्हणजे पळी. वकील म्हणजे अडकित्ता, हे मी तेव्हाच ओळखलं होतं.

पण उत्तर काही जुळेना. आठवडाभर मी शिरस्तेदारांना सांगत होतो, प्रश्नच चुकीचा आहे.

"प्रश्न कशाला चुकंल? तू दाराजवळ कुणालाच बसवीत न्हाईस. तशी अट कुटं लिवलीय, दाखव की!"

कागदावर नव्हतीच. अट आमच्या घरातली होती. मी सात वर्षांचा असताना धाकटे काका जेवता जेवता उठले, "आलोच" म्हणाले आणि दारातून गेले ते गेलेच. तेव्हापासून आम्ही पाच जण असूनही आई सहा पाट मांडायची. दाराजवळच्या पाटावर पाहुणासुद्धा बसत नसे.

त्या दुपारी मी अडकित्ता दाराजवळच्या पाटावर ठेवला. प्रश्न चुटकीसरशी सुटला. उत्तर लिहून मान वर केली, तर अडकित्ता पाटाखाली, जमिनीवर. वाटलं, घसरला असेल. पुन्हा ठेवला आणि वहीकडे बघायचं नाटक केलं. टक्कन आवाज झाला.

"कोण आलं रे?" आई आतून म्हणाली.

"कुणी नाही."

"मोरीत पाय धुतल्यासारखं वाजलं."

मी पाट उचलून ठेवले. भावी वकिलानं पुरावा तपासायला हवा होता. भावी वकील पळाला.

परीक्षेत नेमका तसाच प्रश्न आला. दाराजवळ वकीलच बसत होता, पण हात पुढे सरकेना. शेवटी मनातल्या मनात म्हणालो, "काका, सरका जरा. मला लॉ कॉलेजला जायचंय." आणि लिहिलं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय!

प्रवेशाचं पत्र आलं ते ऐन जेवणाच्या वेळी. पाट मांडलेलेच होते. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं आणि गिरणीचा विषय काढला नाही. आनंदाच्या भरात मी दिसेल त्या पाटावर बसलो. तो दाराजवळचा होता.

पाट उबदार होता. मे महिन्यात सोलापुरात काय गार असतं, असं म्हणून मी शेजारच्या पाटाला हात लावला. तो गार होता.

आई आमटी घेऊन आली आणि माझ्यासमोर थबकली. मला वाटलं, आता ओरडणार. पण तिनं बघितलं माझ्या खांद्याच्या जरासं मागे, आणि पदर सावरला.

"भाऊजी, सरका जरा," ती म्हणाली. "पोराला लॉ कॉलेजला जायचंय."