मामाच्या मूत्रपिंडाचं बाहेरचं दार

सिनेमाघराच्या दारावर तिकिटं फाडणाऱ्या मामाची मूत्रपिंडं दारूने गेली, अशी गल्लीभर बोलवा होती. खरं तर मामाला साध्या सोड्यानेही उचकी लागते. रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला आणि मामाला पत्ताच नाही, ही खरी गोम. मूत्रपिंडंही गेली नव्हती, नुसती कुरकुरायला लागली होती.

डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली. काही दिवसांनी रक्त तपासलं, तर रक्तातल्या कचऱ्याचा आकडा आधीपेक्षा थोडा वरच. मामाने गोळ्यांची पट्टी कपाटावर भिरकावली. "हिच्यापेक्षा आजार परवडला."

भाचीने त्याला दंडाला धरून दवाखान्यात नेलं.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "मूत्रपिंडात बारीक रक्तवाहिन्यांचे गुच्छ असतात. प्रत्येक गुच्छ म्हणजे गाळणी. एका नळीने रक्त आत येतं, दुसरीने बाहेर जातं. शरीरातलं एक हार्मोन ही बाहेरची नळी आवळतं. आत दाब वाढून गाळणी खराब होते. गोळी ती नळी सैल करते."

"म्हणजे खेळ सुटल्यावर मी बाहेरचं दार अर्धंच उघडलं, की आत रेटारेटी."

"अगदी तसंच."

"आणि आता सताड उघडलं. मग रक्तात कचरा वाढला कसा?"

"दाब उतरला, म्हणून गाळणंही जरा उतरलं. एवढी वाढ चालते. त्या बदल्यात गाळणी टिकते. फार वाढली तर मी बघेन."

मामाने समजल्यासारखी मान डोलावली. रस्त्यावर येताच थांबला. "दार उघडं, तर कचरा अडतो कुठे?"

"कचरा त्या दाराने जातच नाही रे. गाळणीतून खाली, लघवीत."

"म्हणजे तिसरं दार? तिथे कोण उभं असतं?"

भाचीने कपाळाला हात लावला. "मामा, महिनाभर तू ही गोळी घेणारच नाहीस. लाव पैज."

"हरलीस तर माझी नक्कल बंद. महिनाभर."

हे झोंबणारं होतं. मामाचं 'पाय आत घ्या, मालक' तिने नाकातून काढलं की अख्खी गल्ली लोळायची. पण ती हो म्हणाली.

मामा रोज गोळीला शिव्या घालायचा आणि गिळायचा. पुढच्या तपासणीत आकडा होता तिथेच थांबला होता, खराब गाळणीतून लघवीत गळणारी प्रथिनं निम्म्यावर आली होती. बाई खूश. मामा कागद उलटासुलटा करत म्हणाला, "अजून काही कळलं नाही. पण घेतली की नाही?"

घेतली होती. गल्लीतली पोरं भाचीच्या भोवती जमली, "मामा कर ना." ती तोंड मिटून बसली.